एका नाकाच्या दोन गाड्या

आमच्या घरी ट्रक जेवायला येत असे. वाक्य विचित्र वाटेल, पण मी ते पुसणार नाही. आयुष्यात एकच वाक्य वेळेवर पुसायला हवं होतं आणि ही त्याचीच हकिगत आहे. दुपारी ऊन माथ्यावर आलं की वसईकडच्या गास गावात आमच्या वाडीच्या वळणावर रबरी भोंगा तीनदा वाजायचा, कुत्री आधी भुंकायची, मग ओळख पटल्यासारखी गप्प व्हायची, आणि आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "लारी आली. भात उतरवा." लारी अंगणात उभी राहिली की पहिलं पान तिचं. पास्कू ड्रायव्हर विहिरीवरून दोन हंडे आणून तिच्या तोंडात ओतायचा, ती फसफसायची, ढेकर द्यायची, आणि मगच पास्कू हातपाय धुऊन ओटीवर बसायचा. त्या दिवसांत अंगणभर बांबूच्या मांडवांवर सोललेली राजेळी केळी सुकत घातलेली असायची. सुकेळ्यांचा तो गोड, जड, किंचित आंबूस वास, त्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या, चुलीवर राजोडीच्या बोंबलांचं कालवण आणि या सगळ्यावर पेट्रोलचा एक पातळ थर. माझ्या तारुण्याचा वास कुणी विचारला तर हा आहे. गुलाबबिलाब नाही.

पास्कू पापडी गावचा. ख्रिस्ती. म्हणून त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं ताट ओटीवरच्या कोनाड्यात वेगळं ठेवलेलं असे. जेवून झालं की तो ते स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवी. मी तेव्हा मॅट्रिक होऊन वसईच्या कम्युनिस्टांच्या अभ्यासमंडळात जायला लागले होते, जगातल्या तमाम अन्यायांची यादी माझ्या वहीत होती, आणि पहिला अन्याय माझ्याच ओटीवर निघाला. मी आईशी भांडले. आई म्हणाली, "तू रशियाचं बघ." मग मी निषेध म्हणून पास्कूच्या शेजारी ओटीवर बसून जेवायला लागले. मला वाटलं, चार दिवसांत घर हादरेल. चौथ्या दिवशी आईने कोनाड्यात दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं ताट ठेवलं. माझं. माझ्या पहिल्या क्रांतीचा निकाल हा असा लागला: अन्याय होता तसाच राहिला, फक्त एकाचे दोन झाले.

लारी आमची नव्हती, केळीवाल्यांच्या सोसायटीची होती. आबा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे चेअरमन, म्हणून ती आमच्या अंगणात जेवायची. लढाई संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेला माल विकायला निघाला, त्यातली ही डिस्पोजलची गाडी. पास्कूने लढाईत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर अशीच गाडी हाकली होती. गाडी आली तेव्हा तो तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला होता, "हिला मी वळखतो. ही चढावर रडते." आणि ती खरंच चढावर रडायची. आमच्या खाऱ्या वाऱ्याने दोनतीन वर्षांत तिच्या केबिनचा पत्रा खाऊन टाकला, मग गावच्या भिकू सुताराने तिला फणसाच्या लाकडाची केबिन केली. काम सुरेख होतं. दाराला देवघराला असतात तशा वेली कोरल्या होत्या. फक्त पावसाळ्यात दार फुगायचं, मग चार महिने पास्कू खिडकीतून आत शिरायचा आणि खिडकीतूनच बाहेर पडायचा. नवखे लोक थांबून बघायचे, आम्हाला त्यात काहीच वाटत नसे.

तिच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी अक्षरं होती. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला. पण त्या शब्दाचा मराठी अर्थ 'आंतरराष्ट्रीय'. आता बघा, अभ्यासमंडळात पहिल्याच दिवशी आम्हाला कामगारांच्या एकजुटीचा म्हणून जो इंग्रजी शब्द शिकवला तो हाच. मी उडालेच. हा शब्द गेली कित्येक वर्षं आमच्या अंगणात उभा राहून पाणी पीत होता. मी घरी येऊन जाहीर केलं, "आपली लारी रशियन आहे."

आबा पान लावत होते. "कागदावर अमेरिकन लिहिलंय," ते म्हणाले.

"कागद सरकारी आहे, आबा."

"लारीही सरकारकडूनच घेतली, बाय."

पण गावाला माझं म्हणणं आवडलं. अमेरिकन गाड्या शेजारच्या आगाशीलाही होत्या, रशियन कुणाकडे नव्हती. आठवड्याभरात सगळे तिला 'रशीण' म्हणायला लागले. "रशीण आली का?" "रशीण गाळात रुतली." अभ्यासमंडळ चालवणारे कॉम्रेड सबनीस मुंबईहून यायचे, त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाडी अमेरिकन आहे, शब्द मात्र मुळात आपला, भांडवलदारांनी तो पळवून ट्रकवर डकवला. मला हे पटलं. त्या वयात मला चोरीची कुठलीही गोष्ट पटायची, चोर श्रीमंत असला म्हणजे झालं.

सबनीसांबद्दल गावाला आदर होता आणि तो फुकटचा नव्हता. आदल्या हंगामात रेल्वेचे डबे मिळेनात, स्टेशनच्या धक्क्यावर केळी काळी पडत होती, तेव्हा या माणसाने लोक जमवून मालधक्क्यावर ठिय्या दिला आणि डबे आणवले. तेव्हापासून सोसायटीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. तसं ते आहेच.

तर सबनीसांनी मला पुस्तिका लिहायला दिली. विषय: सोव्हिएत देशाचा नवा ट्रक. त्याला तीन अक्षरांचं नाव आणि पुढे दीडशेचा आकडा होता. त्यांनी तिकडचं एक चकचकीत इंग्रजी मासिक दिलं, त्यात ट्रकचे फोटो आणि तो कसा घडला त्याची हकिगत. मी आठ दिवस अंगणात सुकेळी राखत, एका हाताने गांधीलमाश्या हाकत, दुसऱ्या हाताने लिहीत होते. हकिगत खरोखर थोर होती, आजही माझं तेच मत आहे. लढाईच्या आधीच नव्या ट्रकचे आराखडे झाले होते. लढाई आली. शत्रू दाराशी येताच कारखान्याची यंत्रं उचलून आगगाड्यांवर लादून पूर्वेला नेली. मग परत आणली. लढाई संपते न संपते तोच नमुने तयार झाले. देशात पत्रा नव्हता, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांची केबिनच लाकडाची केली, पण गाडी थांबवली नाही. हे लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, एवढं लिहून झाल्यावर, शेवटचा परिच्छेद मला जरा मिळमिळीत वाटला. म्हणून मी लिहिलं: "हा ट्रक कुणाचीही नक्कल नाही. त्याचा खिळा न् खिळा श्रमिकांच्या स्वतंत्र बुद्धीतून जन्मला आहे."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मासिकात नव्हतं. सबनीसांनी सुचवलं नव्हतं. परिच्छेदाला शेवट हवा होता म्हणून मी ते ठोकून दिलं. आणि सबनीसांना अख्ख्या पुस्तिकेत तेच वाक्य सगळ्यांत आवडलं. त्यांनी ते मुखपृष्ठावर जाड ठशात घातलं आणि खाली माझं नाव. माझं नाव छापलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पुस्तिका छापून आली त्या दुपारी मी ती ओटीवर ताटाशेजारी ठेवली, पास्कूला दिसावी म्हणून. त्याने भात कालवता कालवता आतला फोटो पाहिला. मग घास खाली ठेवला. हात धुऊन आला. फोटो घेऊन लारीपुढे जाऊन उभा राहिला.

"बाय," तो म्हणाला, "हिचा फोटो रशियात कोनी नेला?"

"हिचा नाही, पास्कूदादा. तो सोव्हिएत ट्रक आहे."

"नाक बघ. गाल बघ. डोळे बघ, डोळ्यांमधलं अंतर बघ. लाकडाची केबिन पन हाय. फक्त भिकूची वेलबुट्टी नाय."

मी उठून गेले. एकदा फोटोकडे, एकदा लारीकडे. तेच लांबुळकं तोंड, तीच आडव्या पट्ट्यांची जाळी, तशीच चाकांवरची फुगीर मडगार्डं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात थोरलीच्या जागी धाकटी आणून बसवावी तशी ती गाडी फोटोत बसली होती.

"शब्द त्यांनी आमचा चोरला," मी म्हटलं.

"आनी गाडी यांनी त्यांची. मंजे फिटांफीट." पास्कू परत जेवायला बसला. दोन घास खाऊन म्हणाला, "हा फोटो बाजूनं काढलेला हाय ना, त्यात खालचा दांडा बघ. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत अख्खा एकच. मधी आधार नाय. जोरात पळवली तर मोडंल. आनी पावसात दार फुगत आसंल. इचार त्यांना."

आता सगळे अभियंते झालेत, माझ्या भाच्याचा मुलगाही आहे, त्याने मला मध्यंतरी मोटारगाड्यांचं एक जाडजूड पुस्तक वाचून दाखवलं. लढाईत अमेरिकेने रशियाला मदत म्हणून हजारो ट्रक पाठवले होते, त्यातल्या एकाच्या तोंडवळ्यावर हा ट्रक बेतला होता. पास्कूने नाक ओळखलं ते बरोबर होतं. तो लांब दांडाही सुरुवातीला खरंच मोडायचा, पुढे त्याचे दोन तुकडे करून मध्ये आधार दिला. पुढे त्या कारखान्याचं नाव बदललं, ट्रकची तीन अक्षरंही बदलली, आणि चिनी लोकांनी आपला पहिला ट्रक काढला तो याच्यावरून. म्हणजे आजी अमेरिकन, लेक रशियन, नात चिनी, आणि तिघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. दाराबद्दल पुस्तकात काही नाही. पण आज कळून काय उपयोग. तेव्हा माझ्यापाशी फक्त एक फोटो, एक लारी आणि एक खोटं वाक्य होतं.

मी सबनीसांना जाऊन विचारलं. सरळ विचारलं, मला वाकडं विचारता येत नाही. ते म्हणाले, साम्य वरवरचं आहे. मी म्हटलं, तोंडच सारखं आहे. ते म्हणाले, तोंड म्हणजे वरवरचंच. मी म्हटलं, ते वाक्य माझ्या मनचं आहे, काढू या. ते म्हणाले, छापून झालंय, आणि छापलेलं वाक्य लिहिणाऱ्याचं राहत नाही, चळवळीचं होतं. मग त्यांनी विचारलं की हे साम्य कुणी काढलं, आणि मी मूर्खाने पास्कूचं नाव सांगितलं.

तोवर पास्कूचा विनोद स्टेशनपर्यंत पोचला होता. मालधक्क्यावरचे हमाल 'फिटांफीट' म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते. पापडीच्या बाजारात लोक विचारत, रशीण मायरी कधी जाणार, आणि मायेर तिचं कुठलं. सबनीसांना चेष्टा सहन होत नसे. त्यांनी सोसायटीपुढे ठराव आणला: पास्कू हा परकीय सत्तेचा अपप्रचार करतो, सबब त्याला गाडीवरून उतरवावं. चार मुलं होती पास्कूला, आणि गाडीशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. त्याच्याकडे वाडी नव्हती, होडी नव्हती. दोन गाड्यांचं नाक सारखं आहे एवढं म्हटल्याबद्दल माणसाचं पोट जाणार होतं, आणि तेही कष्टकऱ्यांच्या नावाने, आणि माझ्या वाक्यासाठी. आणि ठरावाला अनुमोदन कोण देणार? पुस्तिकेची लेखिका.

सभा रविवारी दुपारी देवळापुढच्या पटांगणात. व्यासपीठ कुठून आणायचं, म्हणून लारीच आणून उभी केली आणि तिच्या पाठीवर खुर्च्या मांडल्या. आणली अर्थात पास्कूने, चर्चात रविवारची मिस्सा करून आल्यावर, धुतलेल्या सदऱ्यात. आपल्याविरुद्धच्या सभेचं व्यासपीठ त्याने स्वतः हँडल मारून आणलं, चाकांना दगड लावले आणि खाली जाऊन उकिडवा बसला. लारीच्या बाजूला दोन बांबूंवर चादर ताणली होती, तिच्यावर वसईच्या पेंटरने सोव्हिएत ट्रक रंगवला होता. पेंटर प्रामाणिक माणूस. त्याने फोटोबरहुकूम काढला होता. त्यामुळे पटांगणात एका रेषेत दोन लाऱ्या उभ्या दिसत होत्या, एक लाकडाची आणि एक कापडाची, आणि कापडाची वाऱ्याने किंचित हसत होती.

सबनीस अर्धा तास बोलले. ते म्हणाले, या दोहोंत काडीचंही साम्य नाही. लोकांनी मान डोलवली आणि सावकाश, एकामागून एक, आधी चादरीकडे पाहिलं, मग लारीकडे. राजोडीची मासळीवाली जनीबाय टोपली उतरवून पुढे बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, आणि जनीबायचं कुजबुजणं पटांगणाच्या टोकाला ऐकू जातं, "दोगी एकाच आयच्या."

"बाई, शांत राहा," सबनीस म्हणाले.

"मी शांतच हाय. तुमी बोला. बाप येगळा आसंल."

मग मला पुस्तिका वाचायला उभं केलं. मी पहिल्यापासून वाचली. यंत्रं आगगाडीवर लादली तिथे लोक खरंच गप्प झाले, भिकू सुतार लाकडी केबिनचं ऐकून ताठ बसला. मग ते वाक्य आलं. मी ते वाचलं. वाचून थांबले.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "हे कुठे लिहिलेलं नव्हतं. परिच्छेद मिळमिळीत वाटला म्हणून मी घातलं."

"कॉम्रेड, बसा," सबनीस हळूच म्हणाले.

"बसत नाही. त्या लोकांकडे पत्रा नव्हता, खायला नव्हतं. त्यांनी चांगली गाडी पाहिली आणि तशी केली. यात लाज कसली? भिकूने देवघराचं दार पाहून लारीचं दार केलं, त्याला कुणी चोर म्हटलं नाही. खोटं मी बोलले आणि उतरवताय पास्कूदादाला. उतरवायचं तर मला उतरवा." आणि मी व्यासपीठावरून म्हणजे लारीवरून उडी मारून उतरले. साडी खिळ्यात अडकून टर्रकन फाटली. जी टाळी पडेल असं मला वाटलं होतं ती पडली नाही.

आबा अध्यक्ष होते. त्यांनी पान बाजूला थुंकून घेतलं आणि उभे राहिले. एकीकडे मालधक्क्यावर डबे आणणारा माणूस, दुसरीकडे लारी हाकणारा माणूस आणि मध्ये फाटक्या साडीतली मुलगी. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ठराव एक," ते म्हणाले. "या दोन गाड्या एकमेकींसारख्या नाहीत. कोण कोण म्हणतं?"

सगळे हात वर गेले. जनीबायचा गेला. भिकूचा गेला. पास्कूचाही गेला.

"ठराव दोन. पास्कू गाडी चालवील."

परत सगळे हात वर. सबनीसांनी एकदा सभेकडे पाहिलं, एकदा चादरीकडे, आणि त्यांचाही हात अर्धा वर गेला. पहिला ठराव त्यांना हवा तसा झाला होता, मग दुसऱ्याला आडवं जायचं कशाला?

"पहिल्याच्या विरुद्ध कोण?"

माझा एकटीचा हात. आबांनी तो मोजला, "एक विरुद्ध," असं लिहायला सांगितलं आणि सभा संपली. सोसायटीच्या बुकात ते अजून असणार: गासच्या केळीवाल्यांच्या मते अमुक ट्रक तमुक ट्रकासारखा नाही, एक विरुद्ध. त्याच आठवड्यात अभ्यासमंडळाकडून चिठ्ठी आली की माझी तिथे गरज नाही.

मला सबनीसांचा राग आला नाही तेवढा पास्कूचा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाडीत लोंगर, म्हणजे केळीचे अख्खे घड, भरायला आला, तेव्हा मी पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते आणि प्रत्येक प्रतीतलं ते वाक्य टाकाने खोडत होते. तो लोंगर उचलून नेताना माझ्या समोरून जायचा, यायचा, जायचा.

"तुम्ही हात वर का केलात?" मी विचारलं. "तुम्हीच तर म्हणालात सारख्या आहेत. मी तुमच्यासाठी उभी राहिले आणि तुम्ही खोट्याला हात वर केलात. भेकड आहात तुम्ही, पास्कूदादा."

त्याने खांद्यावरचा लोंगर लारीत अलगद ठेवला, खाली केळीचा पाला सारखा केला.

"खोट्याला कुठं?" तो म्हणाला. "सारख्या नायच त्या. ती कोन चालवतो मला काय ठावं. ही मी चालवतो."

मग लारीच्या मागच्या फळीवर हात ठेवून तो थांबला. "भेकड तं भेकड. ते खोडून झालं की ये, अजून चाळीस लोंगर हायत, आनी रेल्वेचा डबा दुपारचा हाय."

मी अर्धा गठ्ठा खोडायचा ठेवून उठले. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही, हे वसईत पोरासोरांना ठाऊक असतं. मी पदर खोचला आणि पहिला लोंगर उचलला.